न वाचता दिलेले गुण

"आकडे काढून टाकले की वशिला येईल." संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दल चार प्राध्यापक बोलू लागले की हे वाक्य येतेच, आणि ते आले की समोरचा गप्प होतो. गप्प व्हावे असेच ते आहे. महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित महाविद्यालयांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना संस्थाचालकांची मर्जी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुलाखतीआधीच निवड ठरलेली असणे, गोपनीय अहवालात एखादा मोघम शेरा मारून माणसाला लटकवून ठेवणे, आडनाव ऐकून प्रश्नांचा सूर बदलणे, हे सारे 'एपीआय' (शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत) येण्याआधीपासूनचे आहे. म्हणून २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांचा तक्ता आणला, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. ज्यांच्या घरात कॉलेजात शिकवणारी ही पहिलीच पिढी होती, त्यांना तर विशेष. आकडा आडनाव विचारत नाही, असे ते म्हणत. अजूनही म्हणतात.

या युक्तिवादाला मी हलका समजत नाही. तो दुखऱ्या अनुभवातून आला आहे. पण तो चुकीचा आहे, आणि त्याच्या आधारावर दीड दशक एक अजब व्यवस्था उभी आहे. तिच्यात संशोधनाला गुण मिळतात, गुणांवर वेतनश्रेणी मिळते, पण ते संशोधन वाचण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

पदोन्नतीची फाइल उघडून पाहा. प्रत्येक शोधनिबंधामागे ठरलेल्या झेरॉक्स: नियतकालिकाचे मुखपृष्ठ, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) छापलेले पान, अनुक्रमणिका आणि निबंधाचे पहिले पान. अनुक्रमणिकेत अर्जदाराचे नाव पिवळ्या हायलायटरने रंगवलेले. प्रत्येक पानावर स्वसाक्षांकनाची सही. निबंधाच्या दुसऱ्या पानापासून पुढे काय लिहिले आहे, याच्याशी फाइलचा संबंध नाही. ते पान तिच्यात नसतेच. छाननी समिती आयएसएसएन जुळतो का, नियतकालिक यादीत होते का, तारीख मूल्यमापनाच्या कालावधीत बसते का, एवढे पाहते. बेरीज होते, पोहे-चहा होतो, सह्या होतात. ही मंडळी कामचुकार नसतात. त्यांच्यात चांगले वाचणारे, चांगले लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. व्यवस्था त्यांना जे विचारते त्याचे उत्तर ते देतात, आणि व्यवस्था फक्त बेरीज विचारते.

आता तक्ताच हातात घेऊ. २०१८ च्या नियमावलीत भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. एकट्याने लिहिला तर दहाच्या दहा. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात-सात. निबंध तोच, पण दुसरे नाव चढले की दहाचे चौदा होतात. पुढचा हिशेब शाळकरी पोरही करील. दोन मित्रांनी एकेक निबंध लिहायचा आणि दोन्हींवर दोघांची नावे टाकायची. वेगवेगळे छापले असते तर प्रत्येकाच्या पदरी दहा पडले असते; आता चौदा पडतात. कामात काडीचा फरक नाही. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी किमान सात प्रकाशने आणि ७५ गुण लागतात, प्राध्यापकासाठी दहा प्रकाशने आणि १२० गुण. तेव्हा हा चार गुणांचा फायदा कोणी सोडील असे वाटत नाही. आणि तो कोणाला मिळतो? ज्याच्याकडे नाव टाकू देणारा सहकारी आहे, विभागप्रमुखाशी ज्याचे जमते, ज्याचा मार्गदर्शक उदार आहे, त्याला. एकट्याने अभ्यास करणाऱ्या, कोणाच्या गटात नसलेल्या माणसाला हा तक्ता नेमाने कमी गुण देतो. आकड्यांनी वशिल्याला दाराबाहेर ठेवले असे म्हणणाऱ्यांनी या एका कलमाचा खुलासा करावा.

त्याच तक्त्यात आणखी एक नोंद आहे. अनुवादित पुस्तकाला ८ गुण. एखाद्याने सहाशे पानांचा समाजशास्त्राचा ग्रंथ तीन वर्षे खपून मराठीत आणला तर आठ, आणि कुठल्याशा चर्चासत्रानंतर घाईने लिहिलेले पाच पानांचे टिपण यादीतल्या नियतकालिकात छापून आले तर दहा. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून भाषणे करणाऱ्या कुलगुरूंपैकी कोणी या नोंदीला हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

वशिला यादीतूनही आला. २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. तीस हजारांहून अधिक नावे होती. त्यांतली काही हजार नावे विद्यापीठांनी सुचवलेली होती. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विद्यापीठ-शिफारशीच्या भागातली १,००९ नियतकालिके तपासली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला: ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असावीत. संपादकांचा पत्ता नाही, कार्यालयाचा ठिकाणा नाही, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून छापलेला आकडा मनाने ठरवलेला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचे कामही पुण्यातूनच चालले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याची सूचना निघाली. आता नियतकालिक पारखण्याचे काम पुन्हा विद्यापीठांकडे. मूळच्या यादीत ती बोगस नावे घातली कोणी? संगणकाने नव्हे. विद्यापीठांतल्या माणसांनी शिफारशी केल्या, आपापल्या ओळखीच्या नियतकालिकांची नावे कळवली. ज्या माणसांवर निबंध वाचून मत देण्याइतका विश्वास टाकायचा नाही, त्याच माणसांवर कुठल्या नियतकालिकातला निबंध न वाचता चांगला मानावा हे ठरवण्याचा विश्वास टाकला गेला.

या बाजाराचे खालचे टोक प्रत्येक प्राध्यापकाच्या मोबाइलमध्ये आहे. 'आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड; चोवीस तासांत स्वीकृतिपत्र; प्रमाणपत्राची सॉफ्ट कॉपी मोफत' असा व्हॉट्सॲप संदेश, खाली फी आणि क्यूआर कोड. बहुविद्याशाखीय म्हणजे एकाच अंकात ज्ञानेश्वरीतील उपमा, जीएसटीचा किरकोळ व्यापारावरील परिणाम आणि एखाद्या वनस्पतीचे औषधी गुणधर्म. तिन्ही निबंध तपासणारा एकच सर्वज्ञ, आणि तो एका रात्रीत तपासतो. यावर हसायला माझी हरकत नाही, पण हे पैसे कोण भरतो ते पाहा. तासिका तत्त्वावर शिकवणारा, सुट्टीत मानधन न मिळणारा, कायम होण्याची वाट पाहणारा तरुण भरतो. आकडा आडनाव विचारत नसेल, खिसा नक्की विचारतो.

यावर विज्ञानवाले म्हणतील की ही रड भाषा आणि समाजशास्त्रवाल्यांची; आमच्याकडे इम्पॅक्ट फॅक्टर आहे, उद्धरणे आहेत, तिथे फसवणूक चालत नाही. ठीक आहे, त्याच अंगणात जाऊ.

इम्पॅक्ट फॅक्टरचा जनक युजीन गारफील्ड. १९५५ मध्ये त्याने उद्धरणांच्या सूचीची कल्पना मांडली आणि पुढे फिलाडेल्फियातल्या आपल्या संस्थेतून ती सूची काढली. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला इम्पॅक्ट फॅक्टर जन्मला, आणि ग्रंथपालांना वर्गणी कोणाची भरावी हे ठरवायला त्याचा उपयोग झाला. हिशेब साधा आहे. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा या वर्षी किती वेळा उल्लेख झाला ते मोजायचे आणि त्या निबंधांच्या संख्येने भागायचे. म्हणजे ही सरासरी आहे, आणि तीही नियतकालिकाची. तिच्यावरून एका निबंधाची किंमत ठरवता येत नाही, हे गारफील्डला कळत होते आणि त्याने तसे सांगितलेही.

सरासरी काय करू शकते याचे उदाहरण स्फटिकशास्त्रात घडले. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागात आपल्या 'शेलएक्स' या संगणक प्रणालीचा छोटा इतिहास लिहिला. जगभरचे रसायनशास्त्रज्ञ स्फटिकाची रचना काढायला ही प्रणाली वापरतात, त्यामुळे जो तो त्या लेखाचा उल्लेख करू लागला. दोनच्या आसपास असणारा त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ साठी ४९.९२६ झाला. 'नेचर' आणि 'सायन्स' मागे पडले. २००८ च्या अंकांत उल्लेखांच्या बाबतीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या लेखाचा उल्लेख फक्त २८ वेळा झाला होता. दोन वर्षांची मुदत सरली, शेल्ड्रिक यांचा लेख हिशेबातून बाहेर पडला आणि आकडा पुन्हा दोनवर आला. आता आपला तक्ता तिथे लावून पाहा. इम्पॅक्ट फॅक्टर दोन ते पाच असेल तर २० गुण, दहाच्या वर असेल तर ३०. त्या काळात त्या नियतकालिकात ज्यांचे लेख आले, त्यांना शेल्ड्रिक यांच्या शेजारी छापले गेल्याबद्दल दहा गुण अधिक मिळाले असते. त्यांच्या लेखात काय होते हा प्रश्न कोणालाही पडला नसता.

जाता जाता: आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर 'थॉमसन रॉयटर्स'च्या यादीप्रमाणे ठरवावा असे म्हटले आहे. थॉमसन रॉयटर्सने हा सारा व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता. ती यादी तेव्हापासून 'क्लॅरिव्हेट' काढते. नियम लिहिणाऱ्यांनीही नियम वाचला नव्हता.

एच-इंडेक्सची, म्हणजे संशोधकाच्या निबंधांना मिळालेल्या उद्धरणांवरून काढलेल्या मापाची, गोष्ट वेगळी नाही. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. आज अर्जाच्या पहिल्या पानावर जन्मतारखेच्या खाली एच-इंडेक्स लिहायची पद्धत पडली आहे. खुद्द हिर्श यांनी २०२० मध्ये लिहून ठेवले की हे माप सपशेल फसू शकते आणि त्याचे वाईट, अनपेक्षित परिणाम होऊ शकतात. निर्मात्याने हात वर केले तरी वापरणारे थांबलेले नाहीत. संशोधन-नियतकालिकांच्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमून जाहीरनामा केला, नेमणुकीत आणि बढतीत इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका म्हणून. २०१५ मध्ये लायडनचा जाहीरनामा निघाला. त्यातले एक तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा असे सांगते, कारण जे काम स्थानिक भाषेत, स्थानिक वाचकांसाठी होते ते इंग्रजी सूचीत दिसतच नाही. शोधनिबंधांना रोख बक्षिसे वाटण्यात आघाडीवर असलेल्या चीननेही २०२० मध्ये ती बक्षिसे बंद करा आणि सूचीतल्या निबंधांच्या मोजणीवर विसंबू नका असे फर्मान काढले. आपल्याकडे मात्र आकडा म्हणजे वस्तुनिष्ठता हा समज पक्का आहे.

आता पुण्यातलेच एक काम पाहा. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपायचे, प्रत्येक शब्दाचा अर्थ कोणत्या काळात कसा बदलला ते नोंदवायचे. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या आजही तिथल्या कपाटांत लावून ठेवलेल्या आहेत. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले तरी कोश अजून 'अ' या अक्षरात आहे. या कोशावर काम करणारी व्यक्ती एक नोंद लिहिण्यासाठी शेकडो चिठ्ठ्या वाचते, अर्थांचा क्रम लावते, एखादा पाठ संशयास्पद वाटला तर मूळ ग्रंथाकडे जाते. हे संशोधन नसेल तर संशोधन कशाला म्हणायचे? पण नोंदीला आयएसएसएन नसतो, तिच्यावर हायलायटर फिरवता येत नाही, आणि मूल्यमापनाच्या तीन-चार वर्षांत ती पूर्ण होईलच असे नाही. 'ते अपवाद आहेत, धोरण अपवादांसाठी नसते,' असे उत्तर मला एका माजी प्राचार्यांनी दिले होते. मी उलट म्हणतो. थोर माणसे कोणत्याही व्यवस्थेत तगतात. तक्त्याचा मार साध्या प्राध्यापकाला बसतो. सिंधुदुर्गात दशावतारी मंडळांचे जुने हिशेब गोळा करणारा किंवा आपल्या तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा माणूस अपवाद नाही. तो असे काम करू पाहतो आणि तिसऱ्या वर्षी सोडून देतो, कारण पुढच्या 'कॅस'ला, म्हणजे सेवांतर्गत बढतीला, दोन निबंध कमी पडतात.

मग वाचणार कोण, वेळ कोणाकडे आहे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोजणी कमी करण्यात आहे. जर्मनीच्या संशोधन मंडळाने, डीएफजीने, २०१० मध्ये अर्जदाराच्या माहितीत जास्तीत जास्त पाचच प्रकाशने नोंदवण्याचा नियम केला. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे जे राष्ट्रीय मूल्यमापन होते, त्यात २०१४ च्या फेरीत एका प्राध्यापकाची कमाल चार कामे मागवली आणि इम्पॅक्ट फॅक्टर पाहू नका, काम पाहा, असे समित्यांना बजावले. त्या फेरीचा खर्च सुमारे २४.६ कोटी पौंड आला आणि तिथल्या प्राध्यापकांनी तिच्याबद्दल बरीच बोटे मोडली. ती काही आदर्श व्यवस्था नव्हे. पण वाचणे अशक्य आहे हा दावा तिने खोटा पाडला. आपल्याला तेवढा पसारा नकोच आहे. बढतीसाठी अर्जदाराने स्वतः निवडलेली तीन कामे द्यावीत. ती निबंध असोत, पुस्तक असो, अनुवाद असो, कोशातल्या नोंदी असोत. विषयातल्या दोन बाहेरच्या जाणकारांनी ती वाचावीत. अठरा निबंधांच्या बहात्तर झेरॉक्स तपासण्यात आज जो दिवस जातो, त्या दिवसात तीन निबंध वाचून होतात.

आता पुन्हा वशिल्याकडे. वाचणाराही पक्षपाती असेल, असे म्हणणारे बरोबर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात गुणांचा तक्ता वगळून 'लक्षणीय योगदाना'चे नऊ प्रकार सांगितले होते. नावीन्यपूर्ण अध्यापनापासून स्टार्टअपपर्यंत. तक्ता काढायचा, त्या जागी मोघम शब्द ठेवायचे आणि निर्णय निवड समितीच्या मर्जीवर सोडायचा, असे असेल तर आकड्यांच्या बाजूचे लोक जिंकले. त्यांची भीती शंभर टक्के खरी आहे. मोघमपणा हाच वशिल्याचा जुना आसरा.

त्याला उतारा आकडा नाही, लेखी कारण आहे. वाचणाऱ्याने दोन पाने लिहावीत: या कामात नवे काय, पुरावा कसा हाताळला, कमी कुठे पडले, माझ्या मते हे काम बढतीला पुरेसे का आहे किंवा का नाही. खाली नाव आणि सही. ते टिपण अर्जदाराला द्यावे, त्याला उत्तर देण्याचा हक्क असावा, आणि टिपण व उत्तर दोन्ही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर राहावीत. पक्षपाती माणूस बंद खोलीत एका सदस्याच्या कानात काहीही सांगू शकतो. स्वतःच्या नावाने, विषयातले सारे लोक वाचतील अशा ठिकाणी, चांगल्या निबंधाला वाईट म्हणताना त्याला कारण द्यावे लागेल, आणि खोटे कारण उघडे पडते. आकड्याला मात्र जाब विचारता येत नाही. '७५ ऐवजी ७३ झाले' यावर अपील कशाचे करणार? फार तर बेरजेचे.

सही करावी लागेल म्हणून जाणकार पुढे येणार नाहीत, असेही मला सांगितले जाते. छोट्या विषयात सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या तोच अर्जदार माझ्या विद्यार्थ्याच्या मुलाखतीला बसेल, वगैरे. ही भीती खरी आहे. पण मग प्रामाणिकपणे एवढे तरी कबूल करा की आपल्याला आकडे हवे आहेत ते दुबळ्याला संरक्षण म्हणून नव्हे; बलवानांना नाही म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून हवे आहेत. पहिल्या पिढीच्या प्राध्यापकाचे नाव त्यासाठी पुढे करू नका. आपल्या कामाबद्दल कोणीतरी ते वाचून बोलावे, ही मागणी मी ज्यांच्याकडून सर्वाधिक ऐकली, ते त्याच पिढीचे आहेत.

हे लगेच सुरू करायला दिल्लीच्या नव्या नियमावलीची वाट पाहण्याचे कारण नाही. छाननी समितीवर बसणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला माझी विनंती आहे: पुढच्या बैठकीआधी कुलसचिवांना पत्र लिहा, की मला पहिल्या पानाच्या झेरॉक्स नकोत, अर्जदाराचे त्याला सर्वांत चांगले वाटणारे तीन निबंध पूर्ण पाठवा. तक्त्यातली बेरीज करायचीच असेल तर करा. तिच्याखाली त्या तीन निबंधांबद्दल चार परिच्छेद लिहा, त्यावर आपले नाव घाला आणि ते कार्यवृत्तात नोंदवून घ्या.